आधी तिथी, मग इमारत

बऱ्हाणपुरात एक मोठं कलाकेंद्र उभं राहिलं पाहिजे, हे मत मी बरीच वर्षं जाहीरपणे मांडत आले. सभांमधून बोलले, निवेदनांचे मसुदे लिहिले, लोकांच्या सह्या गोळा केल्या. स्वतंत्र नाट्यगृह, गाण्यासाठी वेगळं दालन, तालमीच्या खोल्या, असं सगळं एका छताखाली आलं की या गावात कला आपोआप बहरेल, असा माझा ठाम विश्वास होता. आज तो तसा राहिलेला नाही. इमारत मला अजूनही हवी आहे, पण क्रम बदलला आहे. आधी वर्षभराच्या उत्सवांचं पत्रक हवं, ठरलेल्या तिथ्या हव्यात, त्या तिथ्यांना येणारा श्रोता हवा. इमारत त्यांच्या मागून यावी. हा बदल का झाला, ते मोकळेपणाने सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

माझं पहिलं मत हवेतून आलेलं नव्हतं. मुंबईला नातेवाइकांकडे जाणं व्हायचं, तेव्हा नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेत कार्यक्रम पाहायला मिळाले. टाटा थिएटरमध्ये रंगमंचाभोवती अर्धगोलात हजारभर माणसं बसतात, आणि तरी मागच्या रांगेपर्यंत तंबोऱ्याची जवारी स्वच्छ पोहोचते. वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते नाट्यगृह आपल्या संगीताची गरज ओळखून रचलं. इकडे आमच्या मध्य प्रदेशात, भोपाळच्या मोठ्या तलावाच्या उतारावर, चार्ल्स कोरियांनी बांधलेलं भारत भवन आहे. 13 फेब्रुवारी 1982 ला ते सुरू झालं. वरून आत शिरायचं आणि एकेक अंगण उतरत तळ्याकडे जायचं, अशी त्याची रचना. ब. व. कारंथांनी तिथलं रंगमंडल घडवलं. ही दोन ठिकाणं पाहिलेल्या माणसाला आपल्या गावातही असं काही असावं असं वाटलं, तर त्यात नवल नाही.

कारण परत आल्यावर दिसायचं ते वेगळंच. मंगल कार्यालयात गाण्याचा कार्यक्रम ठरलेला. शेजारच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड, मागच्या दारी पातेल्यांचा आवाज, मध्येच माइकची शिट्टी. तबलजी हातोडीने गट्टे ठोकत सूर जुळवतोय आणि त्याच वेळी दुसऱ्या माइकवर सत्कारमूर्तींची यादी वाचली जातेय. गायिका साडीवर शाल घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली, कारण बसायला वेगळी खोलीच नाही. असे कार्यक्रम पाहून मी म्हणायचे, आधी जागा द्या, मग कलेचं बोला. शहरात सभागृह नाही असं नव्हे. पण तिथे स्नेहसंमेलनं, सभा, शिबिरं, सगळंच होतं. कलेचं स्वतःचं घर असं ते कधी वाटलं नाही.

या मताला पहिला धक्का बसला तो एका निवेदनाच्याच निमित्ताने. उदाहरण म्हणून एनसीपीएची वाटचाल लिहायला घेतली आणि सनावळी एकाखाली एक मांडली. जमशेद भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकाराने संस्था सुरू झाली 1969 मध्ये, भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या एका छोट्या जागेत. टाटा थिएटर उघडलं 1980 मध्ये. एक्सपेरिमेंटल थिएटर 1986 मध्ये आलं आणि जमशेद भाभा थिएटर 1999 मध्ये. म्हणजे ज्या वास्तूकडे बोट दाखवून मी भांडत होते, ती उभी राहण्याआधी अकरा वर्षं संस्था कामाला लागलेली होती. जाणत्या कलावंतांचं ध्वनिमुद्रण होत होतं, मोजक्या लोकांसाठी मैफली आणि सप्रयोग व्याख्यानं होत होती. पु. ल. देशपांडे आणि डॉ. अशोक दा. रानडे यांच्यासारखी माणसं त्या संस्थेच्या कामात राहिली. कार्यक्रमांची गरज वाढत गेली आणि त्या गरजेने इमारती मागितल्या. मी मात्र आमच्या गावासाठी उलटं मागत होते.

मग मी इतर उत्सवांकडे याच नजरेने पाहू लागले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालतो. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ तो सुरू केला आणि आयुष्यभर सांभाळला. त्याला स्वतःचं नाट्यगृह नाही. पुष्कळ वर्षं तो रमणबागेच्या मैदानावर झाला, पुढे मुकुंदनगरला गेला. जागा हलली, पण डिसेंबर आला की रसिक शाल, सतरंजी घेऊन निघतातच. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह 2024 च्या डिसेंबरात शंभरावा झाला. तानसेनाच्या समाधीपाशी सकाळी ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा होते, मिलाद होतो आणि मग गाणं सुरू होतं. शंभर वर्षं तो टिकला त्याचं कारण जागा, तिथी आणि नाव या तिन्ही गोष्टी लोकांच्या मनात पक्क्या बसल्या.

आमच्या शेजारच्या खंडव्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं. किशोरकुमारांचा जन्म तिथला, 4 ऑगस्ट 1929 चा. 13 ऑक्टोबर 1987 ला ते मुंबईत गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार खंडव्यात झाले. त्या दोन्ही तारखांना लोक त्यांच्या समाधीशी जमतात, दूध-जिलेबीचा नैवेद्य दाखवतात आणि गातात. तिथे तिकीट नसतं, निमंत्रण नसतं. तारीख सगळ्यांना पाठ आहे, एवढंच पुरतं.

पण माझं मत खऱ्या अर्थाने फिरवलं ते इंदूरच्या ‘सानंद’ने. मध्य प्रदेशात मराठी नाटक नियमाने पाहायला मिळावं म्हणून काही इंदूरकरांनी हा न्यास उभा केला. त्यांनी इमारत बांधली नाही, सभासद बांधले. सभासद इतके झाले की एकाच नाटकाचे पाच प्रयोग पाच गटांसाठी लावावे लागतात, आणि त्यांतल्या काही गटांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी इंदूरच्याच रसिक माणसांची नावं दिली आहेत. सभागृह विद्यापीठाचं, वर्गणी सभासदांची, वेळापत्रक आधी ठरलेलं. मुंबई-पुण्याच्या निर्मात्याला पाच प्रयोगांची हमी मिळते, म्हणून तो नेपथ्याचा ट्रक घेऊन इतक्या लांब येतो. जळगाव-भुसावळपर्यंत येणारं नाटक बऱ्हाणपूरला का येत नाही, याचं उत्तर मी इतकी वर्षं ‘नाट्यगृह नाही’ असं देत होते. खरं उत्तर असं की निर्मात्याला आमच्या गावाकडून आधी ठरलेली तारीख आणि भरलेल्या खुर्च्यांचा शब्द मिळत नाही.

वार्षिक पत्रकाने आणखी एक गोष्ट होते, ती मला एनसीपीएच्या उत्सवांकडे नीट पाहिल्यावर उमगली. तिथे प्रत्येक उत्सवाला एक विषय असतो. ‘प्रतिबिंब’ मराठी नाटकांचा. एप्रिलच्या अखेरीस, 29 एप्रिलच्या जागतिक नृत्यदिनाच्या सुमारास, ‘मुद्रा’ हा नृत्याचा सप्ताह. ‘समा’ सूफी संगीताचा. ‘उमंग’ नव्या मुलामुलींचा. आणि ‘बंदिश’ रचनाकारांचा. यातला शेवटचा मला फार मोलाचा वाटतो. आपण गाणं ऐकून घरी येतो तेव्हा गायकाचं नाव आठवतं. ती चीज कोणी बांधली हे विचारायचं राहून जातं. सदारंगासारख्या रचनाकाराने बंदिशीतच आपली मुद्रा गुंफून ठेवली, तरी कान तिकडे जात नाही. रचनाकारालाच मध्यभागी बसवणारा उत्सव असला की श्रोता पहिल्यांदा शब्द ऐकतो, सम कुठे येते ते पाहतो, एकच राग दोन बंदिशींत कसा वेगळा दिसतो ते ताडतो. नुसता कार्यक्रम मन रमवतो; विषय घेऊन वर्षानुवर्षं आलेला उत्सव ऐकायला शिकवतो. पूर्वी मला हे महोत्सव म्हणजे सजावट वाटत. मूळ काम इमारत करते आणि महोत्सव तिची शोभा वाढवतो, अशी माझी समजूत होती. आता मला महोत्सवच मूळ काम वाटतं.

आणि हे सगळं शिकायला मुंबईला जायची गरज नव्हती, कारण आमच्या आजूबाजूच्या गावांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. बऱ्हाणपूरपासून रावेरपर्यंतच्या पट्ट्यात अखंड हरिनाम सप्ताह होतात. लहानपणापासून मी त्यांना जात आले. गावाच्या मोकळ्या जागेत मंडप पडतो. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. दरवर्षी तीच तिथी. कीर्तन सुरू होण्याआधी पखवाजवाला मांडी घालून बसतो, ओल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापतो, बोटांनी कडा सारख्या करतो, थाप मारून पाहतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा थाप मारतो. आवाज मनासारखा खोल लागेपर्यंत त्याची मान वर होत नाही. समोर बसलेली शेतकरी माणसं ते बारकाईने पाहत असतात. केळीच्या बागेतून थेट आलेला म्हातारा शेजाऱ्याला सांगतो की काल वाजवणाऱ्याचा हात याहून हलका होता. दुसरा म्हणतो, आजचे महाराज दृष्टान्त चांगला देतात, पण चाल लवकर सोडतात.

ही समज त्या माणसांना कोणत्या सभागृहाने दिली नाही. त्याच तिथीला, त्याच मंडपात, एका आठवड्यात सात कीर्तनकार एकापाठोपाठ ऐकायला मिळतात, त्यातून तुलना येते. आणि तुलनेतून रसिकता. विषयाची शिस्त, वेळेची शिस्त, गावाची वर्गणी, बाहेरच्या कलावंतांची उतरायची सोय घराघरांत वाटून घेणं, हे सगळं सप्ताहात आहे. मी ते भक्तीच्या खात्यात टाकलं होतं आणि कलेचा विचार करताना बाजूला ठेवलं होतं. आता मला वाटतं की बऱ्हाणपूरच्या कलाकेंद्राचा नमुना काढायचा तर तो आधी इथून काढावा.

आता प्रश्न उरतो तो आमच्या गावाकडे सांगण्यासारखं काय आहे याचा. बाहेरचा पाहुणा आला की आम्ही त्याला शाही किल्ल्यातला हमाम दाखवतो, मुमताजमहल 1631 मध्ये इथेच गेली हे सांगतो, आणि मावा जिलेबी खायला घालून निरोप देतो. पण या गावाचा संगीताशी असलेला संबंध ताजमहालापेक्षा जुना आहे. शेख बहाउद्दीन बाजन हे सूफी कवी 1506 मध्ये वारले आणि त्यांची कबर बऱ्हाणपुरात आहे. गायची म्हणून रचलेली त्यांची पदं जुन्या गुजरी-हिंदवीत आहेत. मुघलांचा सेनापती अब्दुर रहीम खानखाना इथे दीर्घकाळ राहिला. त्याचे दोहे आजही शाळेतल्या मुलांना येतात. आणि खानदेशावर फारुकी राजांचं राज्य असताना कर्नाटकातून इथे आलेल्या पुंडरीक विठ्ठल या पंडिताने बुरहानखान फारुकीच्या आश्रयाने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. उत्तरेकडच्या रागांच्या रूपांत तेव्हा एकवाक्यता नव्हती. दक्षिणेची मेळांची पद्धत हाती घेऊन त्याने ती रूपं नीट लावण्याचा प्रयत्न केला. पुढे तो कछवाह राजांकडे आणि अकबराच्या आश्रयाला गेला. त्याचे ग्रंथ विसाव्या शतकात छापून प्रसिद्ध झाले ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने. मुसलमान राजा, कानडी पंडित, संस्कृत ग्रंथ आणि तो पुन्हा उजेडात आणणारा मराठी माणूस! पुंडरीक विठ्ठल हे नाव मी शाळेत असताना कधी ऐकलं नाही. मोठेपणी भातखंड्यांविषयी वाचताना ते भेटलं, आणि आपल्याच गावची इतकी मोठी गोष्ट आपल्याला बाहेरून कळावी याचं मला मनापासून दुःख झालं.

नदीकडे पाहिलं तर आणखी दिसतं. तापीच्या काठाने खाली गेलं की मुक्ताईनगर लागतं, मुक्ताबाईचं स्थान. तिथून निघणारी पालखी आषाढीला फार लांबचा पल्ला चालते, आणि आमच्याकडची माणसं त्या वारीत असतात. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीजयंती होते. दसऱ्याच्या दिवसांत बालाजीचा रथ आणि तापीकाठची जत्रा असते. शहरापासून थोड्या अंतरावर उतावळी नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गुलारा महालाच्या वास्तू आहेत. गुलारा ही गायिका होती आणि शाहजहानला तिचं गाणं फार आवडे, अशी कथा सांगतात. कथा किती खरी ते इतिहासकार पाहतील, पण एका गायिकेच्या नावाने ओळखला जाणारा महाल ज्या गावाच्या पंचक्रोशीत आहे, त्याला संगीतोत्सवासाठी निमित्त शोधावं लागू नये.

मत बदललं म्हणून जुन्या शंका संपल्या असं नाही. महोत्सव लवकर सरकारी थाटाचा होऊ शकतो. फलक मोठे, भाषणं लांब आणि गाणं रात्री उशिरा सुरू, असं झालं तर बायका आणि मुलं आधी गळतात, कारण त्यांना घरी परतायचं असतं. यंत्रमागावरची पाळी सुटायची वेळ पाहिली नाही तर गावाचा मोठा भाग बाहेरच राहतो. मराठी, उर्दू, हिंदी, निमाडी, गुजराती बोलणाऱ्या या गावात एखादा उत्सव एकाच समाजाचा होऊन बसण्याचा धोकाही आहे. या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांतली एकही इमारतीने सुटत नाही. त्या सुटतात त्या चांगल्या नियमांनी. इमारतीची माझी गरजही कायम आहे. नाटकाला विंगा लागतात, प्रकाशयोजनेला बार लागतात, स्त्री कलावंतांना बंद दाराची खोली आणि स्वच्छ शौचालय लागतं. फक्त ती मागणी करताना आमच्या हातात भरलेल्या कार्यक्रमांची काही वर्षांची नोंद असावी, असं मला वाटतं. रिकाम्या हातांनी मागितलेली वास्तू मिळाली तरी ती सत्कारांनीच भरते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. एकदम बारा महिन्यांचा पसारा मांडू नये. हिवाळ्यात पुंडरीक विठ्ठलाच्या नावाने तीन संध्याकाळींचा रागसंगीताचा उत्सव सुरू करावा, मिळेल त्या सभागृहात किंवा मंडपात. पहिल्या संध्याकाळी गावातल्या आणि जिल्ह्यातल्या शिकणाऱ्या मुलांना संधी द्यावी, दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या गायकाने शाळकरी मुलांसमोर एकच राग उलगडून दाखवावा. तो उत्सव रुजला की उन्हाळ्याआधी मराठी नाटकांचा आठवडा जोडावा, सानंदप्रमाणे सभासद करून. त्यानंतर बाजन आणि रहीम यांच्या नावाने कव्वाली आणि दोह्यांची रात्र, आणि तापीजयंतीला नदीची गाणी. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू व्हावा, भाषण नसावं, सत्कार शेवटी आणि थोडक्यात व्हावा. तिकीट अल्प असावं, पण असावं, विद्यार्थ्यांना मोफत. तारीख एकदा ठरली की ती बदलू नये, मग पहिल्या वर्षी समोर पन्नास माणसं असोत की पाचशे.

बऱ्हाणपूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत दोन लाखांवर होती. त्यातले पाचशे लोक वर्षाची वर्गणी भरून सभासद झाले तर हे सगळं उद्या सुरू होऊ शकतं. ज्यांना हे पटतं त्यांनी आधी आपलं नाव द्यावं, घरातल्या एका मुलाचं किंवा मुलीचं नाव सोबत द्यावं, आणि ठरलेल्या संध्याकाळी वेळेवर येऊन बसावं.